सुरी कोणाच्या हातात होती? प्राचीन इस्राएलातले याजक आणि अर्पणं

प्रश्न असा आला आहे: "जुना करार पहिल्यांदाच सलग वाचायला घेतलाय. उत्पत्ती आणि निर्गम गोष्टींसारखे वाचून झाले, लेवीयमध्ये येऊन अडकलो. पानोपानी बैल, बकरे, रक्त, चरबी. याजक दिवसभर जनावरंच कापत बसायचे का? एवढं मांस सगळं जाळून टाकायचे? आणि हे याजक म्हणजे आपल्याकडच्या भटजींसारखेच का?"

पंचवीसेक वर्षं मी जुना करार शिकवतो आहे. पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना शिकवतो, आणि सुट्ट्यांमध्ये खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांतही. लेवीयपाशी अडकणारे तुम्ही पहिले नाही. बहुतेक जण अडकतात ते एका गैरसमजामुळे, आणि तो तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लेवीयचा पहिला अध्याय पुन्हा उघडा. हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारा, हे कोण करतंय? होमबली आणणारा माणूस आपल्या गुरांतला निर्दोष नर निवडतो. तोच त्याला दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दारापाशी आणतो. त्याच्या डोक्यावर हात टेकतो. त्याचा वध करतो. कातडं सोलतो, तुकडे करतो, आतडी आणि पाय पाण्याने धुतो. इथपर्यंत 'तो' म्हणजे घरून जनावर घेऊन आलेला शेतकरी किंवा मेंढपाळ. अहरोनाच्या मुलांची, म्हणजे याजकांची कामं वेगळी आहेत. रक्त पात्रात घेऊन वेदीच्या चारी बाजूंना टाकायचं, विस्तव नीट करायचा, लाकडं रचायची, त्यांवर तुकडे रचायचे आणि होम करायचा.

म्हणजे सुरी भक्ताच्या हातात होती. याजकाचा हात लागायचा तो रक्ताला आणि अग्नीला.

याला अपवाद आहे पक्ष्याचा. कबुतर किंवा पारवा आणला तर याजक स्वतःच वेदीपाशी त्याची मान मुरगळतो. कारण सोपं आहे. एवढ्याशा जिवाचं रक्त ते किती, ते पात्रात गोळा करून वेदीपर्यंत नेता येत नाही, म्हणून पक्षीच वेदीपाशी न्यावा लागतो. नियम पुन्हा रक्तापाशीच येतो.

हे फक्त कागदावर होतं असंही नाही. यरुशलेमातलं दुसरं मंदिर पडल्यानंतर, इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, कोकरांचं वर्णन आहे. लोकांनी आपापलं कोकरू स्वतः कापायचं. याजक रांगा करून उभे, एका रांगेत चांदीची पात्रं, दुसरीत सोन्याची. रक्ताचं पात्र हातोहात वेदीपर्यंत जायचं आणि रिकामं पात्र परत यायचं. त्याच मिश्नात असंही म्हटलं आहे की याजक नसलेल्याने, स्त्रीने किंवा दासानेही वध केला तरी तो ग्राह्य. मात्र काळ बदलला तशी पद्धतही बदलत गेली, हे सांगायला हवं. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या नव्या मंदिराच्या दर्शनात वधाचं काम लेव्यांकडे, म्हणजे मंदिरसेवेच्या लेवी वंशाकडे, दिलेलं आहे, आणि मोठ्या सार्वजनिक अर्पणांत याजक-लेवीच पुढे असायचे. पण लेवीयचा मूळ आराखडा तुमच्या मनात पक्का बसला तर पुढची वीस पानं सोपी जातील.

डोक्यावर हात टेकण्याबद्दल वर्गात हमखास प्रश्न येतो: पाप जनावरात जातं का? माझं मत असं की रोजच्या अर्पणांत नाही. तिथे एकच हात टेकायचा आहे आणि तोंडाने काही म्हणायला सांगितलेलं नाही. 'हे माझं आहे, माझ्या नावाने जातंय' एवढंच त्या हाताचं म्हणणं. दोन्ही हात ठेवून, मोठ्याने पापांची कबुली देऊन, ती जनावराच्या डोक्यावर घालण्याचा विधी वर्षातून एकदाच होतो. ते काम मुख्य याजक करतो आणि ते जनावर वेदीवर चढतच नाही. ते रानात सोडलं जातं. पाप लादलेलं जनावर देवाच्या वेदीवर कसं चालेल?

आता 'अर्पण' हा शब्द पाहू. हिब्रूत या सगळ्यांना मिळून 'कोर्बान' म्हणतात. मराठी माणसाला तो ओळखीचा वाटावा, कारण आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेली 'कुर्बानी' त्याच सेमेटिक धातूची. पण आपल्या बोलण्यात कुर्बानी म्हणजे त्याग, जीव देणं. मुळातला धातू आहे 'जवळ येणे'. कोर्बान म्हणजे जे जवळ आणलं ते. होमबलीला हिब्रूत 'ओला' म्हणतात, म्हणजे वर चढणारं. या दोन शब्दांत मरण कुठेच नाही. एकात जवळ जाणं आहे, दुसऱ्यात वर जाणं. माणूस देवाच्या जवळ कसा जाईल, आणि जळून न जाता कसा परत येईल, हाच लेवीयचा सगळा विषय आहे.

तुमचा दुसरा प्रश्न मांसाचा. सगळं जाळायचे का? वेदीवर सगळं जाळायचं ते फक्त होमबलीत, आणि त्यातही कातडं याजकाला मिळायचं. बाकीच्या अर्पणांत बहुतेक मांस खाल्लं जायचं. कोणी खायचं, कुठे आणि किती दिवसांत, हे ठरलेलं होतं.

शांत्यर्पण घ्या. त्यातली आतड्यांवरची चरबी, दोन्ही मूत्रपिंडं आणि त्यांवरची चरबी, काळजावरचा पडदा, आणि मेंढरू असेल तर त्याचं सगळं चरबीदार शेपूट, एवढंच वेदीवर. या शेपटापाशी आमच्याकडचे मेंढपाळ नेहमी अडतात. दख्खनच्या मेंढीचं शेपूट ते केवढं, त्यात चरबी कुठली? त्या प्रदेशातल्या मेंढ्या रुंद शेपटाच्या असतात. शेपूट म्हणजे चरबीची जड थैलीच, आणि ती स्वयंपाकघरात मोलाची. तीच देवाची. छाती ओवाळून याजकवर्गाला, उजवी मांडी रक्त आणि चरबी अर्पणाऱ्या याजकाला. उरलेलं सगळं जनावर ज्याने आणलं त्याचं. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, नवसाचं किंवा खुशीचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं.

एका दिवसात अख्खा बैल कोण खाणार? एकटं घर खाऊ शकत नाही. शेजारी, नातलग, गावातला लेवी, परका, विधवा यांना बोलवावंच लागतं. मला नेहमी वाटतं की हा नियम मुद्दाम तसा घातलेला आहे. मांस क्वचितच खाणाऱ्या शेतकरी समाजात हे जेवण म्हणजे सणच. 1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायात एलकाना शिलोला यज्ञ करतो आणि बायकांना, मुलांना वाटे देतो, ते याच अर्पणाचं जेवण. त्याची निपुत्रिक बायको हन्ना त्या पंगतीत जेवत नाही, रडते. त्या रडण्याचं वजन कळायला आधी ही पंगत डोळ्यांपुढे यावी लागते.

लगेच पुढच्या अध्यायात शिलोचा याजक एली याच्या मुलांचा गुन्हा येतो. मांस शिजत असताना याजकाचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन येतो, हंडीत घालतो आणि जे वर येईल ते नेतो. त्याहून वाईट म्हणजे चरबी जाळण्याआधीच कच्चं मांस मागतो, नाही दिलं तर जबरदस्तीने घेईन म्हणतो. सामान्य भक्त म्हणतो, आधी चरबी जळू दे, मग हवं तेवढं घे. नियम भक्ताला ठाऊक आहे आणि तो याजकाला सांगतोय. लेवीयची पहिली वाक्यं "इस्राएल लोकांना सांग" अशी आहेत. हे काही याजकांचं गुप्त पुस्तक नव्हतं. कोणता भाग कोणाचा हे सगळ्यांना माहीत असणं, हेच भक्ताचं संरक्षण होतं.

याजकांना हे वाटे का द्यायचे, तर त्यांना जमीन नव्हती. लेवी वंशाला बाकीच्या वंशांसारखा सलग मुलूख मिळाला नाही, राहायला नगरं आणि भोवतालची कुरणं तेवढी. लोकांनी लेव्यांना दशांश द्यायचा, लेव्यांनी त्या दशांशाचा दशांश याजकांना. शेजारी फिनिकी लोकांतही अशी वाटणी होती. मार्सेयला सापडलेल्या एका कार्थेजी (कार्थेज ही फिनिकींचीच वसाहत) शिलालेखात कोणत्या जनावरामागे याजकाला किती चांदी आणि किती मांस, याचा दरफलकच कोरलेला आहे, आणि ज्याच्याकडे गुरं-पाखरं नाहीत अशा गरिबाकडून याजकाने काही घेऊ नये असंही त्यात आहे. म्हणजे इस्राएलची पद्धत आकाशातून सुटी पडलेली नव्हती. तिला शेजार होता. लेवीयच्या अर्पणांत याजकाला रोख दक्षिणा सांगितलेली नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा.

अन्नबलीकडे वाचक दुर्लक्ष करतात. तसं करू नका. लेवीयचा दुसरा अध्याय म्हणजे स्वयंपाकघर आहे. भट्टीत भाजलेलं, तव्यावर केलेलं, कढईत तळलेलं, सगळं सपिठाचं आणि तेलाचं. खमीर नाही, मध नाही, पण मीठ हवंच. कच्चं सपीठ आणलं तर वर धूपही. याजक त्यातून मूठभर घेऊन वेदीवर जाळतो, बाकीचं याजकांचं. घरातल्या बाईने केलेली भाकरी वेदीपर्यंत जायची ती अशी. गरिबासाठीची उतरंडही विसरू नका. पापबलीसाठी मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे. तेही नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे अदमासे दोन लिटर, तेल-धुपाशिवाय. रक्ताविना पापबली! इतक्या रक्ताच्या पुस्तकात ही सूट आहे, ती गरिबासाठी. नव्या करारात मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात येतात तेव्हा दोन पक्ष्यांचं अर्पण करतात. ज्याला लेवीय ठाऊक आहे त्याला त्या एका वाक्यावरून त्या घराची परिस्थिती कळते.

आता पापबली. इथे जरा जास्त थांबतो, कारण मराठी शब्दाने इथे वाचकाची वाट चुकते.

हिब्रू शब्द 'हत्तात'. पापाच्या धातूपासून आलेला, म्हणून 'पापबली' हे भाषांतर चूक म्हणता येत नाही. पण हे अर्पण कोणाकोणाला सांगितलं आहे ते पाहा. बाळंतिणीला. स्राव थांबलेल्या माणसाला. व्रताची मुदत व्यवस्थित पार पाडलेल्या नाजीराला. आणि नव्या वेदीसाठीसुद्धा. बाळंतीण होण्यात पाप कसलं? वेदी काय पाप करणार? म्हणून आज पुष्कळ अभ्यासक याला शुद्धीकरणाचं अर्पण म्हणतात, आणि मीही वर्गात तसंच शिकवतो. हत्तातचं रक्त माणसाच्या अंगाला लावत नाहीत. ते वेदीच्या शिंगांना लावतात, म्हणजे वेदीच्या चार कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना. शुद्ध व्हायची ती जागा. माणसांचं पाप आणि अशुद्धता देवाच्या घरावर पुटासारखी साचते, ती साफ केली नाही तर देव त्या घरात राहणार नाही, असा हा विचार आहे.

मग चौथ्या अध्यायाची रचना उलगडते. सामान्य माणूस चुकला तर शेळी किंवा मेंढी, रक्त अंगणातल्या वेदीच्या शिंगांना. अधिपती चुकला तर बकरा, रक्त तिथेच. पण सगळी मंडळी किंवा खुद्द अभिषिक्त याजक चुकला तर गोऱ्हा, आणि रक्त आत न्यायचं, पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचं, आतल्या धूपवेदीच्या शिंगांना लावायचं. मोठ्या माणसाची चूक घरात खोलवर पोचते. आणि वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, मुख्य याजक सगळ्यांत आत, परमपवित्रस्थानात जातो. सोन्याची वस्त्रं उतरवून साधी तागाची वस्त्रं घालून. आधी स्वतःच्या घराण्यासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन बकऱ्यांपैकी एक. दुसरा 'अजाजेलसाठी' (या हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ अनिश्चित आहे) रानात; पापं लादून सोडलेलं वरचं जनावर ते हेच. मिश्नाच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी मुख्य याजकाला पाच वेळा स्नान आणि दहा वेळा हातपाय धुणं असे.

आणखी एक गोष्ट. हे अर्पण अजाणता झालेल्या चुकांसाठी आहे. गणनाच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे की जो 'हात उगारून', जाणूनबुजून पाप करतो त्याला ही वाट नाही. 'वाटेल ते करा आणि बकरा कापा' अशी व्यवस्था इथे मुळातच नाही. दोषबलीत तर आणखी कडक आहे. कोणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू नाकारून खोटी शपथ घेतली, तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यायचा, आणि मग एडका घेऊन याजकाकडे यायचं. ज्याला बुडवलं त्याचं देणं आधी.

आता तुमचा तिसरा प्रश्न, भटजींचा. हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण आपल्या मराठी बायबलमध्ये याजक, होम, बली, हव्य, वेदी हे सगळे शब्द यज्ञसंस्थेतून घेतले आहेत. भाषांतरकारांना जवळचे शब्द तेच होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या भाषांतरात हिंदू धर्मविधींची छटा असलेले शब्द जाणीवपूर्वक टाळून साधी बोली वापरण्याचा प्रयत्न केला. 1922 मध्ये निधन होण्याच्या थोडंच आधी त्यांनी ते काम पुरं केलं. दोन्ही वाटांचे फायदे-तोटे आहेत. 'होम' म्हटलं की वाचकाला अग्नी दिसतो, हे चांगलं. पण त्याबरोबर मंत्र दिसतात, आणि लेवीयमधल्या अर्पणविधीत याजकाने म्हणायचे मंत्र जवळजवळ नाहीतच. पहिले सात अध्याय चाळून पाहा, काय करायचं ते सविस्तर आहे, काय म्हणायचं ते नाही. गाणं होतं, पण ते लेव्यांचं, आणि नंतरच्या मंदिरात. याजकाच्या तोंडी ठरवून दिलेले सगळ्यांत ओळखीचे शब्द म्हणजे गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद, हिब्रूत अवघे पंधरा शब्द. 1979 मध्ये गॅब्रिएल बारकाय यांनी यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या शोधल्या. त्यांवर हाच आशीर्वाद थोड्या फरकाने कोरलेला आहे. त्या इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्याच्या सुरुवातीच्या मानल्या जातात. कोणीतरी याजकाचे शब्द गळ्यात घालून फिरत होतं.

आणखी एक फरक: याजकाला घरी बोलावता येत नसे. भक्त वेदीकडे जायचा. निदान लेवीयच्या चित्रात तरी तसं. जुन्या काळी मीखा नावाचा माणूस घरातल्या देवघरासाठी एका तरुण लेव्याला वर्षाला दहा रौप्यमुद्रा, कपडे आणि जेवण यावर ठेवून घेतो, ती गोष्ट शास्ते सतराव्या अध्यायात आहे. पण ती गोष्ट सांगणारा त्यावर खूश नाही.

मग याजकाचं खरं काम काय? लेवीय 10:10 आणि 11 ही दोन वचनं पाठ करावीत अशी. पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध यांतला भेद करणं, आणि लोकांना शिकवणं. याजक हा सीमेवर उभा असलेला माणूस. त्याच्या दीक्षेत एडक्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. रोज सकाळी वेदीची राख काढतानाही तो सीमा पाळतो. तागाची वस्त्रं घालून राख वेदीशेजारी काढायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर न्यायची. एकाच राखेसाठी दोन पोशाख, कारण मध्ये हद्द ओलांडली जाते.

तेराव्या अध्यायात हाच याजक त्वचेवरचा चट्टा तपासतो. जुन्या मराठी भाषांतरात तिथे 'महारोग' आहे, आणि त्या शब्दाने कुष्ठरुग्णांवर विनाकारण फार ओझं टाकलं असं मला मनापासून वाटतं. हिब्रू 'साराअत' कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही येते. ते कुष्ठ असूच शकत नाही. याजक तिथे वैद्य नाही, औषध देत नाही. बघतो, सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा बघतो आणि शुद्ध किंवा अशुद्ध म्हणतो. बरा झालेल्या माणसासाठी तो स्वतः छावणीबाहेर जातो. हे वाक्य लोक घाईत वाचून पुढे जातात. बाहेर टाकलेला माणूस आत यायच्या आधी याजक त्याच्याकडे बाहेर जातो.

इतिहास थोडक्यात. एकच मंदिर, एकच याजककुळ हे चित्र एका दिवसात तयार झालं नाही. नोहा, अब्राहाम, गिदोन हे कोणत्याही याजकाशिवाय अर्पण करतात. अरादच्या किल्ल्यात यहूदाच्या राजवटीतलं एक छोटं मंदिर 1960 च्या दशकातल्या उत्खननात सापडलं. न घडवलेल्या दगडांची वेदी आणि आत दोन लहान धूपवेद्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत एकीवर ऊद आढळला, दुसरीवर चक्क भांग. हिज्कीया आणि मग इसवी सनापूर्वी 622 च्या सुमारास योशीया या यहूदाच्या राजांनी बाहेरची स्थानं मोडून सगळं यरुशलेमात आणलं. तरीही इजिप्तमध्ये नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर यहुदी शिपायांचं मंदिर होतंच. ते इसवी सनापूर्वी 410 मध्ये पाडलं गेलं. पुन्हा बांधायला त्यांनी होमबलीसह परवानगी मागितली, आणि आलेल्या उत्तरात फक्त अन्नबली आणि धूप यांचा उल्लेख आहे. होमबलीचा शब्दच नाही. एवढ्या एका न लिहिलेल्या शब्दात यरुशलेमचा अधिकार किती वाढला होता ते दिसतं.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर जाळलं आणि यहुद्यांची अर्पणं थांबली. प्रार्थना त्या जागी आली. शोमरोनी लोक मात्र गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाची कोकरं आजही कापतात.

आणि याची एक खूण आपल्या कोकणात आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल यहुदी, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, मंदिराच्या नाशाचा शोकदिन 'बिरड्याचा सण' म्हणून पाळत. त्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं. प्रायश्चित्ताचा दिवस त्यांच्या बोलीत 'दारफाळणीचा सण', दारं बंद करून घरात बसायचा दिवस. त्यांचा मलिदा पाहा: गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेऊन, स्तुती म्हणून मग सगळ्यांनी खायचे. त्यात काही अभ्यासकांना जुन्या अन्नबलीचा आणि उपकारस्तुतीच्या अर्पणाचा ठसा दिसतो. वेदी नाही, याजक नाही, पण धान्य पुढे मांडणं आणि मिळून खाणं टिकलं आहे.

आता पुढे वाचताना दहाव्या अध्यायात घाई करू नका. सात दिवसांची दीक्षा संपली आहे, आठव्या दिवशी अग्नी उतरला आहे, आणि त्याच दिवशी अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, न सांगितलेला अग्नी आत नेऊन मरतात. अहरोन गप्प राहतो. विधी चालूच असतो. मग मोशे पापबलीच्या बकऱ्याची चौकशी करतो. नियमाने तो याजकांनी पवित्र स्थानी खायचा होता, आणि कळतं की तो जाळून टाकला आहे. मोशे उरलेल्या दोन मुलांवर, एलाजार आणि इथामारवर रागावतो. तेव्हा अहरोन पहिल्यांदा तोंड उघडतो. आज माझ्यावर हे असं ओढवलं, अशात मी पापबली खाल्ला असता तर ते परमेश्वराला बरं वाटलं असतं का, एवढंच तो विचारतो. मोशे ऐकतो, आणि त्याला ते पटतं.

तिथे थांबून मग अकराव्याला सुरुवात करा.